नवं यान जुनं करताना

मे महिन्यात मामू कुवेतहून आले, तेव्हा आमच्या मुलासाठी एक खोका घेऊन आले. आत 'स्टार वॉर्स' चित्रपटातल्या एक्स-विंग या अंतराळयानाचे प्लास्टिकचे सुटे भाग होते. मुलगा आठवीत आहे. दोन संध्याकाळी बसून त्याने ते जोडलं. डिंक लागला नाही, कारण या संचातले भाग एकमेकांत घट्ट बसतात. वीतभरापेक्षा लहान, कोरं करकरीत यान तयार झालं.

"माशाअल्लाह, छान झालं. ठेव आता शोकेसमध्ये," मी म्हटलं.

"अम्मी, अजून कुठे झालंय? आता याला जुनं करायचंय."

नवी वस्तू मुद्दाम मळवायची, हे मला काही पटेना. मग त्यानेच समजावलं. १९७७ साली पहिला 'स्टार वॉर्स' आला. दिग्दर्शक जॉर्ज लुकास यांना चकचकीत नव्हे, तर रोज वापरातली, खरचटलेली यानं हवी होती. कारागिरांनी बाजारात मिळणाऱ्या रणगाड्यांच्या संचांतले भाग काढून आपल्या प्रतिकृतींवर चिकटवले आणि वर काजळीचे, तेलाचे डाग रंगवले. म्हणून पडद्यावर ती यानं खरी वाटली.

पद्धत अवघड नाही. आधी भाग साबणाच्या पाण्याने धुऊन वाळवायचे, नाहीतर रंग नीट धरत नाही. मग राखाडी अस्तर, त्यावर मूळ रंग. तो वाळला की पातळ केलेला काळपट तपकिरी रंग खाचांत सोडायचा आणि वरचा फडक्याने पुसून घ्यायचा. ब्रशवरचा रंग जवळजवळ सगळा पुसून कोरडा ब्रश कडांवरून फिरवला की कडा उठून दिसतात. स्पंजचा तुकडा रंगात टेकवून हलकेच टिपला की रंग उडाल्यासारखे ठिपके येतात. काजळीसाठी आम्ही काळा खडू पॉलिश पेपरवर घासून भुकटी केली. शेवटी चमक घालवणारं वॉर्निश. ओलसर हवेत स्प्रेचा रंग पांढुरका पडतो, म्हणून स्प्रेचं काम पावसाआधी गच्चीवर, तोंडाला मास्क लावून उरकलं. बाकीचं पाण्यात मिसळणाऱ्या रंगांनी केलं.

हात हलका का हवा, हे गणिताने कळलं. हे यान खऱ्याच्या बहात्तरपट लहान. त्यावरचा १ मिलिमीटरचा ओरखडा म्हणजे खऱ्या यानावर ७.२ सेंटिमीटर, चांगला चार बोटं रुंद!

"गंज कुठे लावणार?" मी विचारलं. तो थोडा थांबला. "गंजायला लोखंड, पाणी आणि प्राणवायू लागतो. अंतराळात पाऊस कुठे?" मग गंज रद्द. इंजिनाच्या मागे काजळी, वैमानिक चढतो तिथे झिजलेला रंग आणि खालच्या पायांना धूळ, एवढं ठरलं.

माझी शाळा पोलादपूरला. महाडहून एसटीने जाते. त्या आठवड्यात तो माझ्याबरोबर आला आणि दिवसभर स्टँडवर आंबेनळी घाट उतरून आलेल्या गाड्या बघत बसला. चिखल चाकाच्या मागच्या बाजूला उडतो. काळा डाग सायलेन्सरपासून मागे पसरतो. दाराचा रंग हात लागतो तिथेच जातो. वहीत त्याने हे सगळं काढून आणलं.

परतल्यावर महाडच्या बाजारात त्याने बंद शटरं पाहिली. पावसाच्या पाण्याने गंजाचे ओघळ वरून खाली येतात. काही शटरांवर मात्र आडवी रेघ होती. ती कशी, हे त्याला सांगावं लागलं नाही.

२२ जुलै २०२१ ला सावित्रीचं पाणी शहरात शिरलं, तेव्हा तो तिसरीत होता. शेजाऱ्यांच्या वरच्या मजल्यावर आम्ही रात्र काढली. त्या रात्रीबद्दल तो कधीच बोलला नव्हता. मोठा पाऊस लागला की फक्त उठून दाराखाली पाणी आलंय का, ते बघायचा.

घरी येऊन तो थेट आमच्या लोखंडी कपाटापाशी गेला. आडव्या रेघेवर तळहात ठेवला. "इथपर्यंत होतं ना, अम्मी? तेव्हा मी बुडालो असतो. आता कमरेलाच लागतं." मग तो बोलत राहिला. वाहून गेलेलं दप्तर, अंधारातला आवाज, मी घट्ट धरलेला त्याचा हात. मी ऐकत राहिले. हातातलं काम तसंच राहिलं.

ईदच्या आधी कपाट रंगवायचं होतंच. खरा गंज ठेवून चालत नाही, तो पत्रा खात जातो. दोघांनी मिळून तो घासून काढला, रेड ऑक्साइड मारला, वर रंग दिला. दाराच्या आतल्या बाजूला, पाणी आलं होतं त्या उंचीवर, त्याने पेन्सिलने रेघ ओढून तारीख लिहिली.

यान आता त्याच कपाटावर आहे. पाहुणे विचारतात, "खेळणं एवढं जुनं कसं?" तो हसून म्हणतो, "महिनाभर मेहनत केलीय."

तुमच्या घरातलं मूल एखाद्या छोट्या वस्तूत तासन्‌तास रमत असेल, तर लगेच अभ्यासाची आठवण करून देऊ नका. थोडा वेळ शेजारी बसा.