टर्बो गाडीचे इंजिन खोलण्यापूर्वी

वाळूज औद्योगिक वसाहतीला लागून असलेले बजाजनगर ही कामगारांची वस्ती. १९८५ साली वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि त्यामागोमाग सुटे भाग बनविणारे, लेथवाले, वेल्डर, गॅरेजवाले आले. इथल्या जुन्या मिस्त्रींचा हात टू-स्ट्रोक स्कूटरवर बसलेला. त्या इंजिनात ऑइल पेट्रोलबरोबर जळायचेच, त्यामुळे धुराला कोणी भीत नसे. आज त्याच गॅरेजसमोर टर्बो पेट्रोल मोटार येऊन उभी राहते तेव्हा धुराचा अर्थ नव्याने शिकावा लागतो.

शहराच्या दुसऱ्या टोकाला, शेंद्र्यात, २००१ साली स्कोडाची ऑक्टाव्हिया जोडली जाऊ लागली. २००४ साली तिची ‘आरएस’ ही वेगवान आवृत्ती भारतात आली : १.८ लिटर, वीस व्हॉल्व्ह, टर्बो, १५० अश्वशक्ती. आपल्याकडे तेव्हा टर्बो म्हटले की डिझेल गाडीच डोळ्यांसमोर येई. अशा जुन्या गाड्या आता दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे आहेत. एखादा हौशी तरुण साठवलेल्या पैशांतून ती घेतो आणि महिन्याभरात मागून निळा धूर निघू लागतो. मिस्त्री म्हणतो, ‘टर्बो गेला.’ टर्बो बदलला जातो, धूर तसाच! मग इंजिन खोलले जाते आणि भांडणाला तोंड फुटते. कारण एकदा इंजिन खोलले की आधीचे नुकसान कोणते आणि खोलताना झालेले कोणते, हे सिद्ध करता येत नाही.

म्हणून पाना हातात घेण्याआधी गेज हातात घ्यावा.

पण त्याही आधी पाइप पाहावेत. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतो आणि तो ऑइलच्या थरावर फिरतो. हे ऑइल परत चेंबरमध्ये उतरण्याची नळी चोंदली, किंवा इंजिनचा ब्रीदर पाइप तुंबला, तर चांगला टर्बोसुद्धा ऑइल ओकतो. काही शे रुपयांच्या पाइपपायी हजारोंचा टर्बो बदलला जातो तो असा. चाळीस-पन्नास सेकंद आयडल ठेवून एकदम पिकअप दिल्यावर निळा लोट आला आणि लगेच विरला, तर व्हॉल्व्ह सीलचा संशय घ्यावा. जोर लावला की सतत निळा येत असेल तर रिंगांकडे किंवा टर्बोकडे वळावे. पांढरा, गोडसर वासाचा धूर आणि कूलंटची घट म्हणजे बहुधा हेड गॅसकेट.

यानंतर कॉम्प्रेशन. इंजिन गरम, बॅटरी भरलेली, चारही प्लग काढलेले, इग्निशन व पेट्रोलचा पुरवठा बंद, थ्रॉटल पूर्ण उघडा. समजा, तीन सिलिंडर १५० पौंडांच्या आसपास आणि तिसरा ९५ दाखवतो. त्यात चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजावे. आकडा चढला तर रिंग किंवा बोअर, जागचा हलला नाही तर व्हॉल्व्ह किंवा गॅसकेट. शेजारचे दोन सिलिंडर एकदम पडले असतील तर त्यांच्यामधली गॅसकेट फुंकली गेली, असे बहुतेक वेळा निघते.

टर्बो पेट्रोल गाडीत मात्र कॉम्प्रेशन फसवूही शकते. कोणी संगणकाची चिप बदलून हवेचा दाब वाढवलेला असतो, पेट्रोल साधेच असते, मग इंजिन ठोकते आणि पिस्टनच्या रिंगांमधली भिंत चिरते. आयडलला गाडी ठीक वाटते, आकडाही फारसा पडत नाही. अशा वेळी लीक-डाउन करावे. पिस्टन वरच्या टोकाला आणून सिलिंडरमध्ये मोजून हवा भरावी आणि कान लावावा. ऑइल भरण्याच्या तोंडातून फुसफुस आली तर रिंग, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, रेडिएटरमध्ये बुडबुडे उठले तर गॅसकेट. मोबाइलला जोडायचा बारीक कॅमेरा आता स्वस्तात मिळतो. प्लगच्या भोकातून बोअरवरचे उभे ओरखडे त्यात स्पष्ट दिसतात.

ऑइलही बोलते. जुना फिल्टर कापून त्याची घडी उलगडावी. चुंबकाला चिकटणारा चुरा लोखंडाचा. न चिकटणारी रुपेरी चमक ॲल्युमिनियमची, म्हणजे पिस्टनची असू शकते. तांबूस झाक आली तर बेअरिंग. याच १.८ टर्बो घराण्यातल्या इंजिनांत ऑइलचा गाळ साचण्याच्या तक्रारी अमेरिकेत इतक्या झाल्या की २००४ साली फोक्सवॅगन आणि ऑडीला तिथे वॉरंटी वाढवून द्यावी लागली. गाळाने चेंबरमधली जाळी बुजते, दाब घटतो आणि टर्बो, बेअरिंग उपाशी मरतात. म्हणून गरम इंजिनवर ऑइलचा दाब गेजने मोजावाच, डॅशबोर्डवरच्या दिव्यावर विसंबू नये. खालून जड ठोका येत असेल तर ‘एकदा चालू करून ऐकू’ हा मोह टाळावा. तेवढ्यात क्रँक खराब होतो.

हे सारे आकडे कागदावर लिहून, मालकाची सही घेऊन मगच हेडचे बोल्ट सोडावेत. ते बोल्ट ताणले जाणारे असतात, जुने परत चालत नाहीत; नव्यांचे पैसे अंदाजपत्रकात आधीच धरावेत. तपासणीचीही मजुरी घ्यावी. अर्धा दिवस मोडतो, ती फुकट का करावी? आणि मालक तोच कागद घेऊन दुसऱ्या गॅरेजला गेला, तर जाऊ द्यावा.