मेणाच्या नवसप्रतिमा (मोत माउली)

नवस बोलताना किंवा फेडताना तीर्थस्थानी वाहिल्या जाणाऱ्या मेणाच्या आकृतींना मेणाच्या नवसप्रतिमा म्हणता येईल. महाराष्ट्रात ही ख्रिस्ती प्रथा मुंबईतील वांद्रे येथील माउंट मेरी चर्चमध्ये ठळकपणे आढळते. तेथील मरियामाता ‘मोत माउली’ या नावाने ओळखली जाते.

तीर्थस्थान

टेकडीवरील या चर्चची सध्याची वास्तू १९०४ मध्ये पूर्ण झाली. १९५४ मध्ये तिला बॅसिलिकाचा दर्जा मिळाला. ८ सप्टेंबर हा मरियेचा जन्मदिन मानला जातो. त्यानंतरच्या रविवारी सण साजरा होतो व आठवडाभर जत्रा भरते. ख्रिस्ती भाविकांबरोबर इतर धर्मांचे लोकही दर्शनास येतात.

स्वरूप

वितळलेले मेण साच्यात ओतून या प्रतिमा घडवतात व मेणबत्त्यांसोबत दुकानांत विकतात. प्रतिमेचा आकार हीच भाविकाची मागणी असते. हात, पाय किंवा डोळे त्या अवयवाचे दुखणे दर्शवतात. बाळ अपत्याची, तर घर निवाऱ्याची इच्छा सांगते. मोटार व विमान यांसारखे आकार बदलत्या काळातील आकांक्षा दाखवतात. लिहिता-वाचता न येणाऱ्यालाही आपले मागणे अशा रीतीने नेमकेपणाने मांडता येते.

परंपरा

बरे होण्यासाठी अवयवाची प्रतिकृती वाहण्याची रीत ख्रिस्ती धर्माहून जुनी आहे. प्राचीन ग्रीसमधील कॉरिंथ येथे आरोग्यदेव अस्क्लेपिअसच्या मंदिरात भाजलेल्या मातीचे अवयव वाहिले जात. पोर्तुगालमधील फातिमा येथे मेणाचे अवयव आजही अर्पण केले जातात. हिंदू देवस्थानांत चांदीचे डोळे किंवा पाळणा वाहण्याची पद्धत आहे. त्यामुळे मोत माउलीची प्रथा हिंदू भाविकांनाही परकी वाटत नाही.

जतन

तमिळनाडूतील वेलंकन्नी येथे अर्पण केलेल्या वस्तूंचे संग्रहालय आहे. धातूच्या वस्तू अशा प्रकारे टिकतात. मेण मात्र उष्णतेने वितळते आणि त्याला पुन्हा दुसरा आकार देता येतो. म्हणून जुन्या मेणप्रतिमा क्वचितच सापडतात. इंग्लंडमधील एक्सिटर कॅथेड्रलमध्ये १९४३ साली, बॉम्बहल्ल्यानंतरच्या दुरुस्तीत, बिशप एडमंड लेसी (मृत्यू १४५५) यांच्या समाधीच्या वरच्या बाजूस मेणाचे हात, पाय व एक स्त्रीमूर्ती आढळली. सामान्य भाविकांच्या दुखण्यांची व इच्छांची नोंद ग्रंथांत फारशी नसते. अशा प्रतिमा हाच तिचा प्रत्यक्ष पुरावा ठरतो.