मागणी तसा खेळ

खेळ सुचणे आणि खेळ घडवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पटावरचा किंवा पत्त्यांचा एखादा नवा खेळ मनात आकार घेऊ लागतो, तेव्हा वही आणि पेन्सिल एवढे साहित्य पुरते. जुन्या पुठ्ठ्यावर पट आखला जातो, कोऱ्या कागदाचे तुकडे कापून पत्ते होतात, सोंगट्यांच्या जागी शर्टाची बटणे येतात. घरची माणसे, शेजारी, मित्र खेळून पाहतात. कोणाला नियम क्लिष्ट वाटतो, कोणाला खेळ लांबल्याचे जाणवते. रचनाकार दुरुस्त्या करतो आणि पुन्हा खेळवतो. यात महिने, कधी वर्षे जातात; पैसा मात्र फारसा लागत नाही. खेळ चांगला जमला आहे अशी खात्री पटली आणि तो अनोळखी माणसांच्या हाती द्यावा असे वाटू लागले, की खरी अडचण सुरू होते.

पूर्वी खेळाचे साहित्य हातानेच तयार होत असे. कोकणातील सावंतवाडीची गंजिफा हे त्याचे उत्तम उदाहरण होय. दशावतारी गंजिफेच्या एका संचात १२० गोल पत्ते असतात. दहा अवतारांचे दहा रंग आणि प्रत्येक रंगाचे बारा पत्ते अशी त्यांची मांडणी असते. यातील प्रत्येक पत्ता चितारी हाताने रंगवतो. गिऱ्हाइकाने सांगावे आणि कारागिराने एक संच करून द्यावा, अशी ही पद्धत आहे. तिच्यात माल पडून राहण्याची भीती नाही. परंतु एका संचामागे लागणारे श्रम आणि वेळ इतका असतो, की त्याची किंमत सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर जाते.

यांत्रिक छपाईने हे चित्र पालटले. ऑफसेट छपाईत प्रत्येक पानासाठी धातूच्या प्लेटा तयार कराव्या लागतात, यंत्र जुळवून घ्यावे लागते, पेटी व पुठ्ठे कापण्यासाठी साचे करावे लागतात. हा खर्च एक प्रत छापली तरी होतो आणि दहा हजार छापल्या तरी तेवढाच राहतो. म्हणूनच कारखानदार थोड्या प्रतींचे काम सहसा घेत नाहीत. पटावरील खेळांचे उत्पादन मोठ्या प्रमाणावर चीनमध्ये होते आणि तेथील कारखाने साधारणतः हजार-दीड हजार प्रतींची किमान मागणी ठेवतात.

यामागचे गणित एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, ऑफसेट पद्धतीत प्लेटा, साचे व जुळवणी यांचा एकंदर खर्च ३,००,००० रुपये आहे आणि त्यानंतर प्रत्येक प्रतीला ३०० रुपये पडतात. १,५०० प्रती काढल्या, तर एकूण ७,५०,००० रुपये लागतील आणि एक प्रत ५०० रुपयांना पडेल. परंतु १०० प्रतीच काढल्या, तर तीच प्रत ३,३०० रुपयांना पडेल. आता दुसरी अशी पद्धत कल्पावी, की जिच्यात आरंभीचा खर्च जवळजवळ नाही. मात्र प्रत्येक प्रतीला १,५०० रुपये लागतात. या दोन्ही पद्धतींचा खर्च २५० प्रतींपाशी सारखा होतो. त्याहून अधिक प्रती हव्या असतील तर पहिली पद्धत स्वस्त, कमी हव्या असतील तर दुसरी. मागणीनुसार छपाईची सेवा या दुसऱ्या पद्धतीवर उभी असते.

वरकरणी दीड हजार प्रतींचा मार्ग फायद्याचा दिसतो. पण स्वतंत्र रचनाकार हा बहुधा नोकरी किंवा व्यवसाय सांभाळून फावल्या वेळात खेळ रचणारा माणूस असतो. साडेसात लाख रुपये म्हणजे त्याची अनेक वर्षांची बचत. खेळ विकला गेला नाही, तर ती बचत घराच्या एका खोलीत खोक्यांच्या रूपाने पडून राहते. पेट्या विकल्या जात नाहीत आणि टाकवतही नाहीत. याहून वाईट गोष्ट म्हणजे, छपाई झाल्यावर एखाद्या नियमातील चूक लक्षात आली, तर ती दीड हजार वेळा छापली गेलेली असते. या धास्तीनेच कित्येक खेळ पुठ्ठ्यावरच्या नमुन्यापुढे कधी गेले नाहीत.

डिजिटल छपाईने या कोंडीतून वाट काढली. या पद्धतीत प्लेट नसते. संगणकातील चित्र थेट कागदावर उमटते. त्यामुळे पहिली प्रत आणि शंभरावी प्रत यांच्या छपाईखर्चात मोठा फरक उरत नाही, आणि प्रत्येक प्रत वेगळी असली तरी यंत्राचे काही अडत नाही. १९९३ मध्ये इंडिगो या कंपनीचे रंगीत डिजिटल छपाईयंत्र बाजारात आले. १९९७ मध्ये अमेरिकेतील इन्ग्रॅम या पुस्तक-वितरण समूहाने टेनेसी राज्यात मागणीनुसार पुस्तके छापण्याचा उपक्रम सुरू केला. ग्राहकाने मागितल्यावरच पुस्तक छापायचे, ही कल्पना तेथे रुजली.

खेळांच्या क्षेत्रात हीच कल्पना आणणाऱ्या सेवांपैकी ‘द गेम क्राफ्टर’ ही एक महत्त्वाची सेवा होय. अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातील मॅडिसन शहरात २००९ मध्ये ती सुरू झाली. तिचे एक संस्थापक जे. टी. स्मिथ हे मूळचे संगणकप्रणाली तयार करणाऱ्या व्यवसायातील. रचनाकाराने पत्ते, पट, पेटी व नियमपुस्तिका यांची चित्रे संगणकाद्वारे पाठवावी, हव्या त्या सोंगट्या आणि फासे यादीतून निवडावे आणि एक संच मागवावा, अशी ही व्यवस्था आहे. किमान प्रतींची अट नाही. रचनाकाराला आपला खेळ त्याच सेवेच्या दुकानात विक्रीसही ठेवता येतो. ग्राहकाने मागणी केली की संच तयार होतो आणि नफ्यातील वाटा रचनाकाराला मिळतो.

पुस्तक छापणे आणि खेळ छापणे यांत मात्र मोठे अंतर आहे. पुस्तक म्हणजे पाने आणि वेष्टन. खेळात पत्ते, पट, पेटी, फासे, सोंगट्या, चकत्या असे अनेक घटक असतात आणि प्रत्येकाची कृती निराळी असते. पत्त्याचेच पाहावे. त्याचे प्रचलित माप अडीच इंच रुंद आणि साडेतीन इंच लांब असे आहे. कागद कापताना पाते केसभर इकडेतिकडे सरकतेच. म्हणून चित्र पत्त्याच्या कडेबाहेर चहूबाजूंनी एक अष्टमांश इंच वाढवून घ्यावे लागते. छपाईच्या व्यवसायात याला ‘ब्लीड’ म्हणतात. महत्त्वाचा मजकूर कडेपासून तेवढाच आत ठेवावा लागतो. पत्त्याभोवती बारीक चौकट काढण्याचा मोह नव्या रचनाकारांना हमखास होतो. पण पाते थोडे जरी सरकले, तरी ती चौकट एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला बारीक दिसते.

पत्त्याचा कागदही साधा नसतो. चांगल्या कागदाच्या पोटात काळा किंवा निळा थर असतो. त्यामुळे पत्ता उजेडात धरला तरी समोरच्याला पलीकडचे चित्र दिसत नाही. पाठीचा रंगही काटेकोर सांभाळावा लागतो. एकाच संचातील काही पत्ते आज आणि काही उद्या छापले आणि रंगाची छटा बदलली, तर पाठीवरून पत्ता ओळखता येतो आणि खेळातील गुप्तताच संपते. पुस्तकातील एक पान किंचित फिकट निघाले तर वाचन थांबत नाही. पत्त्याची पाठ फिकट निघाली तर खेळ निकामी होतो.

खर्चाचा हिशेबही पत्त्यांवर नसतो, तो कागदाच्या तावावर असतो. गेम क्राफ्टरच्या एका तावावर या मापाचे १८ पत्ते बसतात. म्हणजे ५४ पत्त्यांना तीन ताव पुरतात. पंचावन्नावा पत्ता घातला की चौथा ताव लागतो. अशा वेळी तो एक पत्ता खरोखर आवश्यक आहे का, याचा विचार रचनाकाराला करावा लागतो. पुष्कळदा तो गाळल्याने खेळ अधिक आटोपशीर होतो. केवळ १८ पत्त्यांत मावणारे खेळ रचण्याकडे काही रचनाकार वळले, त्याच्या मुळाशी तावाचे हे गणितही आहे.

फासे आणि प्लॅस्टिकच्या सोंगट्या मागणीनुसार घडवणे परवडत नाही, कारण त्यांचे साचे महाग असतात. म्हणून सेवा चालवणाऱ्याला अनेक रंगांचे व आकारांचे तयार नग साठ्यात ठेवावे लागतात. लाकडाच्या किंवा पुठ्ठ्याच्या चकत्या लेझर किरणांनी कापता येतात. कारखान्यात एका वेळी एकच खेळ हजार वेळा तयार होतो. येथे मात्र दिवसाच्या शंभर मागण्या म्हणजे जवळजवळ शंभर निरनिराळे खेळ. कोणत्या पेटीत कोणते पत्ते, किती फासे, कोणत्या रंगाच्या सोंगट्या, याची नोंद चुकता कामा नये. अशी सेवा सुरू करणाऱ्याने छपाईयंत्राइतकेच लक्ष संगणकीय नोंदीकडे आणि माल भरणाऱ्या कामगारांच्या प्रशिक्षणाकडे दिले पाहिजे. एक सोंगटी कमी पडली, तरी तो खेळ खेळता येत नाही.

या पद्धतीच्या मर्यादाही ध्यानात घेतल्या पाहिजेत. वितरक आणि दुकानदार यांचा वाटा धरून खेळाची बाजारातील किंमत साधारणतः उत्पादनखर्चाच्या पाचपट ठेवण्याचा प्रघात आहे. वरील उदाहरणातील ५०० रुपयांची प्रत अडीच हजारांना विकता येईल. पण १,५०० रुपयांची प्रत साडेसात हजारांना कोण घेईल? म्हणून मागणीनुसार तयार झालेले खेळ दुकानांपेक्षा थेट ग्राहकालाच विकले जातात. अनेक रचनाकार या सेवेचा उपयोग सुबक नमुना संच करण्यासाठी करतात. तो प्रकाशकाला दाखवतात, किंवा २००९ मध्येच सुरू झालेल्या किकस्टार्टरसारख्या माध्यमातून लोकांकडून आगाऊ रक्कम गोळा करून मग कारखान्याकडे जातात. मोठ्या उत्पादनाची वाटही निर्धोक नसते. २०२५ च्या एप्रिल महिन्यात अमेरिकेने चिनी मालावरील आयातशुल्क १४५ टक्क्यांपर्यंत वाढवले आणि मे महिन्यात ते पुन्हा खाली आणले. त्या काळात तेथील अनेक लहान प्रकाशकांपुढे तयार माल देशात कसा आणावा, असा प्रश्न उभा राहिला होता.

आपली कल्पना कोणी उचलेल, ही भीतीही नव्या रचनाकाराला सतावते. लिझी मॅगी या अमेरिकन स्त्रीने १९०४ मध्ये ‘लँडलॉर्ड्स गेम’ या खेळाचे पेटंट मिळवले होते. पुढे त्यातूनच विकसित झालेला ‘मोनोपली’ हा खेळ १९३५ मध्ये चार्ल्स डॅरो यांच्या नावाने जगप्रसिद्ध झाला. मॅगींना आपल्या पेटंटचे ५०० डॉलर तेवढे मिळाले. प्रताधिकार कायद्याने खेळाची चित्रे आणि नियमांची शब्दरचना यांना संरक्षण मिळते. खेळण्याच्या मूळ कल्पनेला ते मिळत नाही. म्हणून खेळ दडवून ठेवण्यापेक्षा तो आपल्या नावाने लवकर लोकांसमोर आणणे अधिक हिताचे ठरते, आणि मागणीनुसार छपाईमुळे ते थोड्या खर्चात साधते.

या सेवेमुळे प्रत्येक खेळ यशस्वी होतो असे नाही. पुष्कळ खेळांच्या दहा-वीस प्रतीच खपतात. परंतु त्या दहा-वीस घरांत तो खेळ प्रत्यक्ष खेळला जातो आणि रचनाकाराची बचत शाबूत राहते. नियमात चूक आढळली, तर ती सुधारून पुढची प्रत छापता येते. पहिल्या खेळातून शिकून दुसरा खेळ रचण्याची उमेद आणि त्यासाठी लागणारा पैसा, दोन्ही त्याच्यापाशी उरतात.