सनावळीची दोरी

“सर, शिवाजीमहाराजांच्या वेळी मुंबईला इंग्रज होते काय?”

पदवीच्या पहिल्या वर्षाच्या एका हुशार मुलाने हा प्रश्न विचारला आणि मी क्षणभर गप्पच झालो. राज्याभिषेकाचे वर्ष त्याला पाठ होते, मुंबई कंपनीला केव्हा मिळाली तेही पाठ होते. पण एक सन मराठ्यांच्या धड्यात, दुसरा इंग्रजांच्या धड्यात. दोघांची गाठ कधी पडलीच नाही. श्रोतेहो, दोष मुलाचा नव्हे, आमच्या शिकवण्याचा!

ही गाठ हायस्कुलातच घालून देण्याचे एक साधन आज हाताशी आहे: इंटरनेटवरील कालरेषा. अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या नाइट लॅबने ‘टाइमलाइन-जेएस’ नावाची सोय फुकट करून दिली आहे. तिची रीत वाण्याच्या वहीइतकी सोपी. एका ओळीत एक घटना मांडायची: वर्ष, महिना, दिवस, मथळा, थोडी माहिती आणि चित्राचा किंवा नकाशाचा दुवा. तक्ता भरला की पडद्यावर रेषा उमटते आणि मुले ती मागेपुढे सरकवून पाहू शकतात.

१६६१ ते १६७४ एवढाच काळ घ्या. १६६१ मध्ये पोर्तुगीज राजकन्येच्या विवाहकरारात मुंबई इंग्लंडच्या राजाला आंदण ठरली. १६६५ मध्ये इंग्रजांनी तिचा ताबा घेतला. त्याच वर्षी इकडे पुरंदरचा तह झाला. १६६६ मध्ये महाराज आग्र्याहून निसटले. १६६८ मध्ये राजाने मुंबई सालीना दहा पौंडांवर कंपनीला दिली. आणि १६७४ मध्ये कंपनीचा वकील हेन्री ऑक्झिंडेन नजराणा घेऊन रायगडावर हजर! वरच्या प्रश्नाचे उत्तर मुलाला आपोआप सापडते.

मात्र दोन ठिकाणी पाय घसरतो. पहिले, शेजारी दिसले म्हणजे एकामुळे दुसरे घडले, असे नव्हे. मुंबईचा ताबा आणि पुरंदरचा तह एका वर्षातले खरे, पण एक दुसऱ्याचे कारण नाही. ‘मुळे’ हा शब्द रेषा सांगत नाही; तो पुराव्यानेच मिळवावा लागतो.

दुसरे, तारखांचे. राज्याभिषेकाची तिथी शके १५९६, ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी. ६ जून ही तारीख इंग्रजांच्या त्या वेळच्या जुन्या पंचांगाची. पोर्तुगीजांच्या नव्या पंचांगाने तो दिवस १६ जून. दोन्हींकडचे कागद न तपासता एका रेषेवर मांडले, तर दहा दिवसांचा घोळ ठरलेलाच.

म्हणून माझे म्हणणे असे की, तयार रेषा दाखवून थांबू नये. ते सिनेमा दाखवण्यासारखेच होईल. रेषा मुलांनाच करू द्यावी. पन्नास घटनांतून बाराच निवडा म्हणावे, आणि प्रत्येकीचे कारण विचारावे. मग वर्गात भांडण जुंपते. जुंपू द्या! इतिहासाचा अभ्यास तिथेच सुरू होतो.

आणि शाळेत इंटरनेट नसेल तर? भिंतीवर एक मीटर दोरी ताणावी, सेंटिमीटरला एक वर्ष धरावे, सबंध सतरावे शतक मावते. त्यावर चिठ्ठ्या टाचाव्यात. जिथे दोरी मोकळी राहील, तिथे बोट ठेवून मुलांना विचारावे, “इथे काहीच घडले नाही, की आपण शोधले नाही?”