दातांचा खर्च: वाडीकरांसाठी

वाडी–वानाडोंगरी रस्त्यावर स्व. दादासाहेब काळमेघ स्मृती दंत महाविद्यालय आहे आणि नागपुरात मेडिकल परिसरात शासकीय दंत महाविद्यालय. दंत महाविद्यालयांत प्राध्यापकांच्या देखरेखीखाली विद्यार्थी काम करतात. पैसे कमी लागतात, खेटे मात्र जास्त. निवृत्त माणसाला हा सौदा परवडतो. ७० वर्षांवरील सर्वांना २०२४ पासून आयुष्मान कार्ड मिळू लागले, पण त्यात बाह्यरुग्ण उपचार नाहीत, म्हणून कवळीचे पैसे खिशातूनच. इम्प्लांट हाडात रुजायला साधारण ३ ते ६ महिने जातात. तेव्हा पैसे टप्प्याटप्प्याने चालतील का, हे आधीच विचारावे. अंदाजपत्रक लेखीच घ्यावे. तोंडी आकडा हमखास वाढतो!