मागचा उजवा पाटा

२०१२च्या ऑक्टोबरात, बहरीनमधला उकाडा ओसरायला लागला तेव्हा मी मायदेशी परतणाऱ्या एका इंग्रज कुटुंबाकडून एमजीबी घेतली. १९७१ची, उघड्या टपाची, डाव्या हाताच्या स्टिअरिंगची. बहरीनमध्ये १९६७च्या नोव्हेंबरपर्यंत आपल्यासारखीच डाव्या बाजूने वाहतूक चाले, मग एका दिवसात सगळं उजवीकडे गेलं. माझी गाडी त्यानंतरची. रंग ठीक, इंजिन उत्तम. फक्त पुढून डावीकडे झुकलेली, एक खांदा पाडून उभी राहिल्यासारखी.

तो खांदा सरळ करायला मला सहा वर्षं लागली. त्या सहा वर्षांत मी जे शिकलो ते कुठेतरी लिहून ठेवावं, असं बरेच दिवस मनात होतं.

एमजीबी १९६२ साली आली आणि १९८०च्या ऑक्टोबरात ॲबिंग्डनचा कारखाना बंद होईपर्यंत बनत राहिली, पाच लाखांहून जास्त. आज हेक्टरवर दिसतं ते एमजीचं बोधचिन्ह याच घराण्याचं. सस्पेन्शन मात्र आपल्या ओळखीचं आहे. पुढे गुंडाळीची स्प्रिंग, मागे ट्रकसारखे पाटे. वडिलांच्या प्रीमियर पद्मिनीतही हाच संसार होता, त्यामुळे पहिल्यांदा गाडीखाली शिरलो तेव्हा परकं काही वाटलं नाही. तीच ओळख पुढे नडली. सगळं कळतं असं वाटलं.

पुढची डावी बाजू खाली म्हणजे पुढची डावी स्प्रिंग बसली, हा माझा पहिला निष्कर्ष. त्याला कारणही पटण्यासारखं होतं. चालवणारा डावीकडे बसतो आणि बहुतेक वेळा एकटाच असतो. २०१३मध्ये मी पुढच्या दोन्ही स्प्रिंगा मागवल्या. मागवताना मन थेट शर्यतीत पोचलं होतं. साखीरचा ट्रॅक घरापासून अर्ध्या तासावर, २००४पासून तिथे फॉर्म्युला वन होते. मग गाडी थोडी खाली बसलेली, थोडी कडक का नको? आखूड आणि जाड तारेच्या स्प्रिंगा घेतल्या.

इथे थोडं गणित सांगायलाच हवं, कारण सगळी फसगत त्यातच आहे. गुंडाळीच्या स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. बाकी सगळं तेच ठेवून तार फक्त दहा टक्के जाड घेतली, तर स्प्रिंग सेहेचाळीस टक्के कडक होते. हातात धरून दोन स्प्रिंगांमधला हा फरक डोळ्याला जेमतेम दिसतो, पाठीला लगेच कळतो. वेढे कमी केले तरी तेच. आठ कामाच्या वेढ्यांतला एक कापला, की स्प्रिंग आखूड होतेच, शिवाय सुमारे चौदा टक्के कडकही होते. म्हणजे उंची आणि कडकपणा हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि विकत घेताना ते एकाच पुडक्यात येतात. मला उंचीचा प्रश्न सोडवायचा होता. मी पैसे मोजले कडकपणासाठी.

परिणाम गल्लीतल्या पहिल्याच गतिरोधकावर कळला. सायलेन्सर घासला. तरी हायवेवर गाडी वळणात चिकटून बसायची, म्हणून मी वर्षभर स्वतःची समजूत घातली. एमजीबीत पुढच्या शॉकॲब्सॉर्बरची गोष्ट निराळी आहे. तो आजच्यासारखा नळकांडी नसतो, त्याला दांडा असतो आणि तो दांडाच चाकाचा वरचा हात असतो. त्यामुळे स्प्रिंग कडक केली आणि शॉकॲब्सॉर्बर जुनाच ठेवला, तर परत उसळणाऱ्या स्प्रिंगला आवरणारं कोणी उरत नाही. दोन उन्हाळ्यांत दोन्हींतून तेल गळायला लागलं. गाडी अजूनही डावीकडेच झुकलेली. २०१५मध्ये मी डाव्या स्प्रिंगखाली जाड चकती सारली. ते काम आठवलं की आजही वाईट वाटतं.

उत्तर २०१८मध्ये मिळालं, सल्माबादच्या गॅरेजांच्या गल्लीत. ट्रकचे पाटे बसवणारे एक पेशावरी उस्ताद गाडीभोवती एक फेरी मारून मागे जाऊन उभे राहिले. ‘आगे मत देखो,’ एवढंच म्हणाले.

त्या रात्री मी पहिल्यांदा नीट मापं घेतली. आधी पार्किंगची जमीनच पाहिली. गवंडी वापरतात तशी पाण्याची नळी चारही चाकांशी धरली, तर जमिनीतच दीड सेंटिमीटरचा उतार. पत्र्याचे तुकडे घालून चाकं एका पातळीत आणली. मग जमिनीपासून न मोजता चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत मोजलं. टायर नवा, जुना, कमी हवेचा असला तरी हे माप बदलत नाही. पुढचा डावा कोपरा खाली होताच. पण मागचा उजवा सगळ्यांत उंच होता.

दुसऱ्या दिवशी उस्तादांनी मागची बॉडी मधोमध एका लाकडी ठोकळ्यावर जॅकने तोलली, म्हणजे मागच्या पाट्यांचा जोर निघून गेला. डाव्या स्प्रिंगखालची चकती मी आदल्या दिवशीच काढून टाकली होती. गाडीची पुढची बाजू हळूच सरळ झाली. माझ्या डोळ्यांसमोर, हात न लावता.

कधीतरी कोणीतरी उजव्या पाट्याला एकट्यालाच पुन्हा बाक दिला होता. तो मागचा उजवा कोपरा वर ढकलत होता आणि गाडी तिरपी होऊन पुढच्या डाव्यावर बसत होती. सहा वर्षं मी निर्दोष स्प्रिंगला शिक्षा करत होतो.

मग मागे नवी जोडी घेतली. यातही मेख आहे. १९७४च्या शरदात अमेरिकेच्या नियमांपायी एमजीबीला काळे रबरी बंपर आले आणि गाडी उंच केली गेली. त्या गाडीचे पाटे आणि क्रोम बंपरवाल्या गाडीचे पाटे वेगळे. टपवाल्या जीटीचे आणखी वेगळे. म्हणून ‘एमजीबीचे पाटे’ एवढंच सांगून चालत नाही, चासी नंबर सांगावा लागतो. पुढेही कारखान्याच्याच मूळ मापाच्या स्प्रिंगा बसवल्या, शॉकॲब्सॉर्बर दुरुस्त करून घेतले.

जुन्या काढताना स्प्रिंगखालची वाटी जॅकवर धरून इंचाइंचाने खाली घेतली. शेवटचा ताण सुटला आणि मूठभर वाळू लादीवर सांडली, ओलसर, गंजाने तांबूस. समुद्राची खारी हवा आणि वाळू यांचा तो चिखल खालच्या वेढ्याला पाच वर्षं चिकटून होता. अंगठा फिरवला तर तारेवर बारीक खड्डे लागले. स्प्रिंग बहुधा अशाच खड्ड्यापासून तडकते. तेव्हापासून दर हिवाळ्यात वाटी गोड्या पाण्याने धुवायची सवय लागली.

नव्या पाट्यांनी पहिल्या काही आठवड्यांत थोडी बैठक घेतली. मग चारही मापं वहीत उतरवली. डाव्या-उजव्यात तीन मिलिमीटरचा फरक राहिला. शुक्रवारी पहाटे जल्लाकच्या रस्त्याने गेलो तेव्हा गाडी रस्त्यावरची प्रत्येक लाट घेऊन पुन्हा शांत होत होती. रस्त्याच्या सांध्यांवरून जाताना आवाज यायचा, धक्का नाही. ती मुळात अशीच बनवली होती, हे मला इतक्या उशिरा कळलं.

२०२३मध्ये पुण्याला परतलो. गाडी बहरीनमधल्याच एका तरुण मल्याळी इंजिनिअरला दिली, वहीसकट. तो दर ऑक्टोबरात मापं पाठवतो. यंदा मागचा उजवा चार मिलिमीटर खाली आला आहे. पाटे मागवू का, असं त्याने विचारलंय. आधी पाट्याच्या बुशमधलं रबर बघ आणि पार्किंगला पाण्याची नळी लाव, असं कळवलं आहे.