एकास शंभर!

दिवाळीतला किल्ला तुमच्यापैकी बहुतेकांनी केला असेल. दगड रचायचे, माती लिंपायची, अळीव पेरायचे आणि मग बाजारातून आणलेले मावळे उभे करायचे. आता जरा आठवून पाहा. पहारेकरी महादरवाजापेक्षा उंच! विहिरीवरची बाई बुरुजाएवढी, आणि रानातला वाघ तिच्या कडेवर बसेल एवढाच! पण किल्ल्यात हे चालून जातं. कोणी काही म्हणत नाही.

छोट्या आगगाडीचं मात्र तसं नाही. रूळ, डबे, सिग्नल, फलाट असं सगळं हुबेहूब लहान करून मांडण्याचा छंद जगभर आहे. मोठमोठी माणसंसुद्धा त्यात रमतात. त्या छंदाचा पहिला नियम म्हणजे एक आकडा ठरवायचा आणि शेवटपर्यंत तो सोडायचा नाही. या आकड्याला म्हणायचं प्रमाण. सहावीच्या गणितातलं गुणोत्तर इथे खरोखरीचं कामाला येतं, बरं का!

रुळांचे कोडे

परदेशात सर्वांत जास्त चालणारं प्रमाण आहे एकास सत्त्याऐंशी. म्हणजे खऱ्या गाडीचे ८७ मि.मी. आपल्या गाडीत १ मि.मी. होतात. त्यासाठी दुकानात मिळणाऱ्या दोन रुळांमधलं अंतर असतं १६.५ मि.मी. आता गुणाकार करा. १६.५ गुणिले ८७ म्हणजे साधारण १४३५ मि.मी. युरोप-अमेरिकेतल्या बहुतेक रेल्वेचे रूळ बरोबर एवढ्याच अंतरावर असतात. हिशेब जुळला!

पण आपल्या ब्रॉडगेज रुळांमधलं अंतर आहे १६७६ मि.मी. तेव्हा कोणी आपलं इंजिन ८७ पटींनी लहान करून त्या तयार रुळांवर ठेवलं तर काय होईल? गाडी धावेल, पण रूळ खऱ्या मापाने तब्बल २४ सें.मी. अरुंद पडतील. मोठ्या माणसाने धाकट्या भावाच्या चपला घालाव्यात, तसं ते दिसेल.

इंग्लंडमध्ये असंच झालं. तिथली इंजिनं युरोपातल्या इंजिनांपेक्षा अंगाने लहान. ८७ पटींनी लहान केली तर त्या काळच्या विजेच्या मोटारी त्यांच्या पोटात मावेनात. मग कारखानदारांनी काय केलं? इंजिन एकास शहात्तर केलं, पण रूळ तेच १६.५ मि.मी.चे ठेवले! घरोघरी हेच रूळ गेले आणि बहुतेकांना ते खटकलंही नाही. काही छांदिष्टांना मात्र ते बघवेना. त्यांनी हिशेब करून १८.८३ मि.मी.चे रूळ स्वतःच्या हातांनी बनवायला घेतले. दोन मिलिमीटर आणि थोडा फरक, पण त्यासाठी चाकं, आस, सांधे, सगळंच नव्याने करावं लागलं.

एवढी उठाठेव कशाला?

तुम्ही म्हणाल, दोन मिलिमीटरने काय बिघडतं? त्यासाठी एका माणसाची गोष्ट ऐका.

त्यांचं नाव रॉय इंग्लंड. नाव इंग्लंड, पण जन्मले ऑस्ट्रेलियात. १९२५ साली ते इंग्लंड देशात आले. तिथे ‘पांढऱ्या घोड्याचं खोरं’ या अर्थाच्या नावाचा एक रम्य भाग आहे. त्यातली गवताने शाकारलेली जुनी घरं त्यांना फार आवडली. पण पाहता पाहता तिथलं रूप बदलायला लागलं. गवताची छपरं जाऊन दुसरी आली, जुनी घरं पडू लागली. ती वाचवणं एकट्याच्या हातात नव्हतं. मग त्यांनी ठरवलं की ही घरं लहान करून का होईना, जपून ठेवायची.

ते घराघरापाशी जात, मापं घेत, बारीकसारीक गोष्टी टिपून ठेवत. मग पुठ्ठ्याचं घर एकास शहात्तर या प्रमाणात तयार व्हायचं. भिंतीची वीट न् वीट रंगवलेली, परसबागेत फुलझाडं, जवळून जाणारी आगगाडी. पुढे इतरही लोक त्यांना येऊन मिळाले आणि १९५४ साली लाँग विटनहॅम या खेड्यात पेंडन संग्रहालय सुरू झालं. त्यातली काही खरी घरं आज राहिलेली नाहीत. ती कशी होती हे बघायचं तर त्या इवल्याशा घरांकडेच बघावं लागतं.

आता सांगा, रॉय इंग्लंड यांनी अंदाजाने चारऐवजी पाच खिडक्या केल्या असत्या तर? पुढच्या पिढीने तेच खरं मानलं असतं. मूळ वस्तू गेली की चूक दाखवायला कोणी उरत नाही. म्हणून ती मापं महत्त्वाची.

आपल्याकडेही असं घडलंच आहे. कुर्डुवाडीहून बार्शीला जाणारी अरुंद रुळांची बार्शी लाइट रेल्वे १८९७ साली सुरू झाली. तिच्या दोन रुळांमधलं अंतर फक्त ७६२ मि.मी. होतं. पुढे ती वाढत लातूर, पंढरपूर, मिरजेपर्यंत पोहोचली. आज त्या मार्गावर ब्रॉडगेज गाड्या धावतात. ती छोटी गाडी आता आजी-आजोबांच्या आठवणीत आणि फोटोंतच राहिली आहे.

चला, करून पाहू!

महागडी मोटार, विजेचे रूळ काही नकोत. पुठ्ठा, फूटपट्टी, डिंक आणि रंग पुरे. आपण प्रमाण घेऊ एकास शंभर, म्हणजे खऱ्या एका मीटरचा होतो एक सेंटिमीटर. हिशेब एकदम सोपा!

आपल्या नेहमीच्या जुन्या धर्तीच्या रेल्वे डब्याची लांबी सुमारे २१.३ मीटर, रुंदी ३.२ मीटर. तर आपला डबा होईल २१.३ सें.मी. लांब आणि ३.२ सें.मी. रुंद. सिमेंटचा स्लीपर २.७५ मीटरचा, म्हणजे आपला पावणेतीन सेंटिमीटरचा. दोन स्लीपरांमध्ये अंतर साधारण ६ मि.मी. आणि गंमत बघा! ब्रॉडगेजचे १६७६ मि.मी. आपल्याकडे होतात १६.७६ मि.मी. म्हणजे परदेशी गाडीसाठी बनवलेले ते तयार १६.५ मि.मी.चे रूळ एकास शंभरच्या भारतीय गाडीला जवळजवळ चपखल बसतात!

आता फलाटावर माणसं. साडेपाच फुटांचा माणूस आपल्याकडे पावणेदोन सेंटिमीटरपेक्षाही थोडा कमीच. किल्ल्यावरचा पाच सेंटिमीटरचा मावळा इथे उभा केलात, तर तो पाच मीटर उंचीचा राक्षस ठरेल! रुळांखालच्या खडीचंही तसंच. वाळू न चाळता टाकलीत तर तीन मिलिमीटरचा खडा म्हणजे एक फुटाचा धोंडा. खरी खडी पाच-सहा सेंटिमीटरची, म्हणून आपली हवी रव्याएवढी. पण रवा मात्र नको हं, प्रवाशांच्या आधी मुंग्या येतील!

वेगही शंभराने भागायचा. खरी गाडी ताशी १०० कि.मी. धावत असेल तर आपली सेकंदाला २८ सें.मी. जावी. सेकंदाला एक मीटर पळवलीत तर ती ताशी ३६० कि.मी. वेगाने सुटली असं होईल.

एक गोष्ट मात्र शंभराने भागूनही टेबलावर मावत नाही, ती म्हणजे वळण. ब्रॉडगेजच्या अगदी तीव्र वळणाची त्रिज्यासुद्धा सुमारे १७५ मीटर असते. आपल्या प्रमाणात पूर्ण वर्तुळाला साडेतीन मीटर जागा लागेल! म्हणून छांदिष्ट लोक तिथे तडजोड करतात आणि ते आखूड वळण डोंगराआड किंवा बोगद्यात लपवतात.

साल कोणतं?

मापं जुळली तरी एक प्रश्न राहतोच. तुमचं स्टेशन कोणत्या सालातलं? समजा, तुम्ही मुंबईचं बोरीबंदरचं स्टेशन केलंत. पाटीवर ‘व्हिक्टोरिया टर्मिनस’ लिहिलंत, तर ते १९९६ पूर्वीचं झालं. त्या फलाटावर वंदे भारत गाडी उभी करता येणार नाही, कारण ती पहिल्यांदा धावली २०१९ साली. आणि ‘छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस’ असं लिहिलंत, तर ते नाव २०१७ पासूनचं. पाटी, डब्यांचा रंग आणि इंजिन एकाच काळातलं हवं.

पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेलं छोट्या आगगाड्यांचं संग्रहालय आहे. १९९८ साली ते सर्वांसाठी खुलं झालं. पुण्याला गेलात तर जरूर पाहा.

तोवर तुमच्या गावचं स्टेशन, नाहीतर एस.टी. स्टँड आहेच की! वही-पेन्सिल घेऊन जा. सोबत मोठं कोणीतरी असू द्या आणि स्टेशनात रुळांवर मुळीच उतरू नका. दाराची उंची कशी मोजायची? मित्राला दाराशेजारी उभं करा. त्याची उंची माहीत आहे ना? मग दार त्याच्या किती पट आहे ते बघा. खिडक्या किती, कौलं की पत्रा, पाण्याचा नळ कुठे, बाक कोणत्या रंगाचं, सगळं टिपा. पिवळ्या पाटीवर समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते, तीही उतरवून घ्या. आणि वहीच्या पानावर त्या दिवसाची तारीख घालायला विसरू नका. काही वर्षांनी ती इमारत बदलेल, पण ती कशी होती हे तुमच्या वहीत आणि पुठ्ठ्याच्या स्टेशनात बरोबर मापात सापडेल.

मग, काढताय ना फूटपट्टी?